गोल्डन तक्रार करत नाही

गोल्डन रिट्रीव्हर घरात आणायचं ठरतं तेव्हा बहुतेक घरांत पहिला प्रश्न एकच असतो: मुलांना चावणार नाही ना? उत्तर मनासारखं मिळतं. शांत असतो, लाघवी असतो, आल्यागेल्यावर भुंकत नाही, आजी-आजोबांच्या पायाशी पडून राहतो. हे सगळं खरं आहे. पण या स्वभावाला एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याबद्दल पिल्लू विकणारा बोलत नाही, शेजारीही बोलत नाहीत. गोल्डन तक्रार करत नाही. ऊन सोसवत नसलं तरी फेकलेला चेंडू आणायला धावतो, कान ठणकत असला तरी शेपूट हलवतो, कंबर दुखत असली तरी दारावरची बेल वाजली की उठून जातो. भारतीय गावठी कुत्रा ऊन झालं की सावलीला जाऊन बसतो, तुम्ही कितीही हाका मारा. गोल्डन हाकेला येतो. त्यामुळे थांबायचं कधी हे ठरवण्याचं काम त्याचं राहत नाही, ते आपलं होतं.

असं का, याचं उत्तर स्कॉटलंडमध्ये आहे. तिथल्या हायलँड्स भागातल्या गिसाखन इस्टेटीवर डडली मार्जोरिबँक्स, म्हणजे पुढचे लॉर्ड ट्वीडमाउथ, यांनी १८६८ मध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची वीण काढली. त्या पिल्लांपासून ही जात घडत गेली. ब्रिटिश केनेल क्लबने १९१३ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, अमेरिकेत ती १९२५ मध्ये मिळाली. कुत्र्याकडून हवं होतं ते काम अगदी नेमकं होतं. शिकाऱ्याजवळ न भुंकता तासन्‌तास बसायचं, गोळी लागून पडलेला पक्षी गार पाण्यात पोहत जाऊन आणायचा, दात न रुतवता आणायचा आणि हातात सोडायचा. पुन्हा पाठवलं तर पुन्हा जायचं. थकलो म्हणून मध्येच परत येणारा कुत्रा तिथे उपयोगाचा नव्हता. जुलैतही जिथे पारा विशीच्या आसपास राहतो अशा मुलखात हा स्वभाव गुणच ठरतो. मे महिन्यातल्या पुण्यात, नागपुरात किंवा दमट मुंबईत तोच स्वभाव त्याच्या जिवावर बेतू शकतो.

पिल्लू निवडण्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण निम्मी दुखणी तिथूनच घरी येतात. बाजारात ‘हेवी बोन’, ‘डबल कोट’, ‘पंच फेस’ असे शब्द ऐकू येतात. डबल कोट, म्हणजे बाहेर लांब केस आणि आत लोकर, प्रत्येक गोल्डनला असतोच, त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. हाडापेराने जाड पिल्लू मोठेपणी निरोगी असतं याला काहीही आधार नाही. विचारायचं ते वेगळंच. आई दाखवा, इथे, आत्ता. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का? पिल्लू नेमकं किती दिवसांचं आहे? २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. प्रत्यक्षात तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरोघरी पोचवली जातात. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं, स्वतःचं अजून तयार झालेलं नसतं आणि त्याच काळात पार्व्हो हा विषाणूचा आजार गाठतो. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणून उलट्या आणि रक्ताचे जुलाब बरोबर आपल्या घरी आल्यावरच सुरू होतात. असं पिल्लू दगावलं तर त्याच जागी लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावं लागतं.

लसीचं वेळापत्रक साधं आहे: सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली मिश्र लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, शेवटचा डोस सोळा आठवडे झाल्यावर आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. शेवटचा डोस चुकवणारे पुष्कळ असतात, आणि खरं संरक्षण बहुतेक वेळा त्यावरच अवलंबून असतं. लेप्टोस्पायरोसिसची लस दर वर्षी द्यायलाच हवी. उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं पावसाचं साचलेलं पाणी आपल्याकडे सगळीकडे असतं आणि पाण्याचं डबकं दिसलं की गोल्डन त्यात तोंड घालतोच.

याच आठ ते सोळा आठवड्यांत पिल्लाला जग दाखवायचं असतं. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत खाली सोडायचं नाही हे बरोबर, पण कडेवर घेऊन बाजार, रिक्षा, छत्रीवाली माणसं, शाळा सुटल्यावरची मुलं हे सगळं दाखवता येतं. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून त्याच वेळी त्याला खायला घालावं. कान टवकारून पुन्हा खायला लागला तर आवाज किंचित वाढवावा. खाणं थांबलं तर आपण घाई केली आहे, आवाज कमी करावा.

आता उन्हाबद्दल. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी वाफ होऊन उडतं, मुख्यतः त्यावरच शरीर गार होतं. हवेत आधीच दमटपणा असेल तर ही वाफ होत नाही. म्हणून मुंबईचे ३४ अंश गोल्डनला पुण्याच्या ३८ अंशांपेक्षा जड जातात. विदर्भात खोलीला वाळ्याचा कूलर लावला तर काम होतं. किनारपट्टीवर तोच कूलर खोलीत दमटपणा भरतो आणि हाल वाढवतो, तिथे पंखा किंवा एसीच हवा. एप्रिल-मेमध्ये सकाळचं फिरणं साडेसहाच्या आत उरकावं, रात्रीचं साडेआठनंतर. संध्याकाळी सहाला हवा बरी वाटते, पण डांबर अजून तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघावी. आपल्याला ठेवता येत नसेल तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता चालायचा नाही.

धापेतला फरक ओळखायला शिकणं फार महत्त्वाचं आहे. खेळून आलेल्या कुत्र्याची जीभ बाहेर असते, पण तो मधूनच तोंड मिटतो, गिळतो, पाणी पितो. उष्णतेने त्रासलेल्या कुत्र्याचं तोंड मिटत नाही. जिभेचं टोक रुंद आणि पसरट होतं, हिरड्या गडद लाल दिसतात, लाळ चिकट होऊन तारांसारखी लोंबते. मग चाल अडखळते, उलटी होते. गुदद्वारातून घेतलेलं निरोगी तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे धोका सुरू होतो आणि १०६ ला आतले अवयव निकामी होऊ लागतात. अशा वेळी आधी गार करायचं, मग दवाखाना. नळाचं पाणी सगळ्या अंगावर, केस बाजूला करून कातडीपर्यंत ओतायचं आणि त्यावर पंखा लावायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, थोड्याच वेळात तो गरम होतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो. पाणी पुढे ठेवावं, घशात ओतू नये. १०३.५ पर्यंत उतरलं की ओतणं थांबवावं आणि गाडीचा एसी सुरू करून निघावं. कुत्रा उठून उभा राहिला, शेपूट हलवू लागला, तरीही दवाखान्यात न्यायचंच. मूत्रपिंडांना झालेली इजा आणि रक्त गोठण्यातला बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत बाहेर येतो, आणि गोल्डनच्या शेपटीवर कधीच विसंबू नये.

उन्हाळा आला की ‘झिरो कट’ मारून आणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. बाहेरचे लांब केस उन्हाचा मारा अडवतात, आतली लोकर कातडीजवळ हवेचा थर धरते. वस्तरा फिरवला की फिकट कातडी उघडी पडते, भाजते. केस पुन्हा येताना लोकर लवकर येते आणि बाहेरचा केस मागे राहतो, मग अंग आधीपेक्षा दाट होतं. काहींचे केस पहिल्यासारखे होतच नाहीत. पोटावरचे, पंजांमधले आणि शेपटीखालचे केस कातरून कमी करायला हरकत नाही. खरा उपाय आहे ती मेलेली लोकर विंचरून काढणं.

विंचरण्याची एक रीत आहे. वरवर ब्रश फिरवला तर पाठ चमकते आणि आतली लोकर तशीच राहते. कुत्र्याला कुशीवर झोपवावं. डाव्या तळव्याने केस वर उचलून धरावेत, म्हणजे खाली कातडीची पांढरट-गुलाबी रेघ दिसते. त्या रेघेपासून सुरुवात करून स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने) थोडे थोडे केस खाली ओढत यावं, मग डावा हात अर्धा इंच वर सरकवून पुढची रेघ. शेवटी लोखंडी कंगवा कातडीपर्यंत घालून बघावा. तो न अडकता निघाला तर काम झालं. कानामागे, काखेत, मांडीच्या मागच्या झुपक्यात आणि शेपटीच्या मुळाशी गुंता होतोच. गुंत्यावर थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरावं आणि बोटांनी टोकाकडून सोडवत यावं. पाणी मुळीच लावू नये, ओला गुंता नमद्यासारखा आवळतो. कात्री लावायची वेळ आलीच तर गुंता आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवून मगच कापावं, कारण गुंता ओढला की कातडीही वर येते आणि कात्रीत सापडते. आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं दिली तर हे पुरतं. घरात केस तरीही सापडतील, भाजीतही सापडतील. ज्या घराला ते चालणार नाही त्या घराने गोल्डन आणू नये, हे मी आडपडदा न ठेवता सांगेन. वर्ष-दीड वर्षाचे धडधाकट गोल्डन लोक दत्तक द्यायला काढतात, त्याच्या कारणांत केस नेहमी असतात. तसे कुत्रे मिळत असतील तर आधी तिकडे बघावं, स्वभाव आणि आकार दोन्ही डोळ्यांसमोर असतात.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते, आणि आंघोळीआधी विंचरणं आवश्यक. खरी चूक होते ती वाळवताना. वरचे केस तासाभरात वाळतात, आतली लोकर कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये संध्याकाळपर्यंत ओली राहते. त्या ओलीत जंतू वाढतात, खाज येते, कुत्रा एकच जागा चाटत-कुरतडत बसतो आणि काही तासांत तिथे तळव्याएवढी लालभडक, ओली, घाण वासाची जखम होते. याला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. सकाळी नसलेली जखम दुपारी दिसली की लोक चक्रावतात, पण तिचा वेगच तसा आहे. भोवतीचे केस कापून जखमेला हवा लागू द्यायची, पातळ केलेल्या क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाने पुसायचं, चाटता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. हळद आणि तेलाचा लेप इथे घात करतो, कारण तो ओल आतच झाकून ठेवतो. पावसाळ्यात फिरून आल्यावर आधी टॉवेलने टिपून घ्यावं आणि मग गार हवेच्या ब्लोअरने पोट, काखा, मान हे भाग कातडीपर्यंत वाळवावेत. गरम हेअर ड्रायरने कातडी भाजते.

लोंबत्या कानांचंही तेच. आत हवा खेळत नाही, ओल टिकते आणि बुरशी धरते. दर रविवारी कान उलटून वास घ्यावा. आंबलेल्या पिठासारखा वास आला किंवा तपकिरी मळ दिसला तर सुरुवात झाली आहे. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे कापसाची काडी घातली की मळ वळणापलीकडे ढकलला जातो. कानाचं क्लीनर नळी भरेपर्यंत ओतावं, कानाचं मूळ बाहेरून अर्धा मिनिट चोळावं, आत पाणी खळखळल्याचा आवाज येतो. मग त्याला डोकं झटकू द्यावं आणि दिसतं तेवढंच कापसाने पुसावं. खोबरेल तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही नको. दुखत असेल, डोकं एका बाजूला कललं असेल तर मागच्या वेळचे उरलेले थेंब घालू नयेत. पडदा शाबूत आहे की नाही हे आधी बघावं लागतं, फाटलेल्या पडद्यावर काही औषधं बहिरेपण आणतात.

गोचीड हा आपल्याकडचा बारमाही शत्रू आहे आणि दाट लोकरीत ती लपून जाते. तपकिरी गोचिडीमधून एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार पसरतात. ताप, सुस्ती, खाण्यावरून मन उडणं, फिकट हिरड्या, कधी नाकातून रक्त, कधी कॉफीच्या रंगाची लघवी. गोल्डनने एक वेळचं जेवण सोडलं तर थर्मामीटर लावावा आणि दोन वेळचं सोडलं तर रक्त तपासावं, प्लेटलेट्स बघाव्यात. या जातीत भूक जाणं ही लहान गोष्ट नाही. वेळेत सापडलेला एर्लिकिया डॉक्सिसायक्लिनच्या पूर्ण कोर्सने आटोक्यात येतो, लांबलेला अस्थिमज्जेपर्यंत जातो. प्रतिबंधासाठी फ्लुरालॅनर साधारण बारा आठवडे किंवा अफोक्सोलॅनर महिनाभर संरक्षण देतं. वजनानुसार डॉक्टरच गोळी ठरवतील, आणि झटके येणाऱ्या कुत्र्याला ती देण्याआधी त्यांना तसं सांगायला हवं. फिरून आल्यावर बोटं फिरवायच्या जागा ठरलेल्या: कानाच्या आत आणि घडीत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा तूप लावून वाट बघत बसू नये.

खाण्याकडे वळायचं तर आकडे समोर ठेवावे लागतात. तीस किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ गोल्डनला दिवसाला सुमारे १४०० कॅलरी पुरतात. कोरड्या खाद्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसभरात ३५० ते ४०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. तूप लावलेल्या एका पोळीत शंभरावर कॅलरी असतात. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने दोन्ही जेवणांना अर्धी अर्धी पोळी दिली की पाच पोळ्या झाल्या, दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा तिथेच संपला, आणि त्याचं स्वतःचं जेवण अजून व्हायचंच आहे. कोणीच जास्त दिलेलं नसतं आणि कुत्रा तरीही चाळीस किलोचा होतो. यावर एक उपाय हमखास चालतो. सकाळी दिवसभराचं मोजलेलं खाद्य एका डब्यात भरायचं आणि ज्याला लाड करायचे त्याने त्या डब्यातूनच दाणे द्यायचे. रात्री डबा रिकामा, मोजमाप तेच. बरोबर वजनाच्या गोल्डनच्या छातीवर हात फिरवला तर दाबल्याशिवाय फासळ्या बोटांना लागतात आणि वरून बघताना कंबर आत गेलेली दिसते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे त्यांच्या जोडीदारांपेक्षा जवळपास दोन वर्षं जास्त जगले. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पिल्लाच्या बाबतीत तर गुबगुबीतपणाचं कौतुक आणखी महागात पडतं. आणि कॅल्शियम. पिल्लू घरी आलं की त्याच्यासोबत कॅल्शियमची बाटली येतेच, हाडं मजबूत होतील म्हणून. मोठ्या जातीचं पिल्लू पहिल्या सहा महिन्यांत आतड्यातून किती कॅल्शियम शोषायचं याला नीट आवर घालू शकत नाही. पोटात गेलेलं पुष्कळसं अंगात जातं आणि हाडांची वाढ बिघडते, पाय वाकतात, सांधे बेढब होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं पूर्ण खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियम द्यायचं नाही. घरचं शिजवलेलं अन्न देत असाल तर उलट परिस्थिती असते. चिकन-भातात कॅल्शियम फारच कमी, तिथे ते मोजून घालावंच लागतं आणि ते मोजमाप पशुवैद्याकडून लिहून घ्यावं. पोळी-दूध-अंडं हे वाढत्या गोल्डनचं जेवण होऊ शकत नाही. त्यात प्रथिनं अपुरी पडतात आणि दुधाने पुष्कळांना जुलाब होतात.

व्हिट्रिफाइड टाइल्सची गुळगुळीत फरशी हा शहरी घरातला मोठा दोष. खुब्याचा सांधा ढिला असण्याची प्रवृत्ती या जातीत आहेच, त्यात पिल्लू दिवसभर पाय फाकत घसरत राहिलं तर सांध्यावर ताण पडत राहतो. जिथून ते धावतं त्या वाटेवर रबरी मॅट किंवा सतरंजी घालावी, पंजांच्या गाद्यांमधले केस कापावेत, तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जिने चढू-उतरू देऊ नये. मातीत, गवतात मोकळं खेळू द्यावं, ते चांगलंच. दुखतंय हे गोल्डन ओरडून सांगणार नाही. धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो का, बसताना एका कुल्ल्यावर कलतो का, उठायला वेळ घेतो का, हे बघावं. नसबंदीची घाईही सांध्यांशी जोडलेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डनच्याच नोंदी तपासून दाखवलं की वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत सांध्यांचे विकार जास्त आढळतात. नरासाठी वर्ष उलटेपर्यंत थांबावं. मादीच्या बाबतीत गर्भाशयाच्या संसर्गाचा धोकाही तोलावा लागतो, तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

तोंडात काहीतरी धरून आणणं हा त्याचा पिढीजात धंदा आहे. मोजा, चप्पल, रिमोट. मागे धावलात तर तो खेळ होतो, तोंडात बोटं घातलीत तर तो ती वस्तू गिळून टाकायला शिकतो. बदल्यात तितकीच किंवा जास्त आवडती वस्तू द्यावी, ‘सोड’ म्हणावं आणि सोडल्यावर शक्य असेल तेव्हा पहिली वस्तू परतही द्यावी. पिल्लाला हे रोज दोन-तीनदा खेळासारखं शिकवलं की ऐन वेळी उपयोगी पडतं. आपल्याकडे दोन ऋतूंत जनावरांच्या दवाखान्यात पोटाची ऑपरेशनं वाढायची कारणं स्वयंपाकघरातच असतात: मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस. दोन्ही बरोबर आतड्यात अडकतील अशा मापाची. वारंवार उलटी, पाणीही न टिकणं, शी न होणं अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्यावी. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट हे विष आहे. माणसांच्या ताप-दुखीच्या गोळ्याही तशाच. पावसाळ्यात बागेत चामखिळ्या बेडूक तोंडात धरला आणि तोंडाला फेस आला तर डोकं खाली झुकवून गालाच्या बाजूने पाण्याची धार सोडून तोंड धुवावं, पाणी घशाकडे जाता कामा नये.

मुलांसाठी तीन गोष्टी पक्क्या: खाताना हात लावायचा नाही, झोपलेल्याला मिठी मारायची नाही, अंगावर बसायचं नाही. गोल्डन हे सगळं सहन करतो म्हणूनच नियम हवेत. कधी गुरगुरला तर त्याला रागावू नये, मुलाला बाजूला घ्यावं आणि कुठे दुखतंय ते शोधावं. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. दात लागून रक्त आलंच तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवून डॉक्टरकडे जावं, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.

एकटेपणा याला मानवत नाही. प्रौढ कुत्रा चार-पाच तास राहतो. सकाळी नऊ ते रात्री आठ कुलूप असणाऱ्या घरात तो स्वतःचे पंजे चाटून चाटून सोलून काढतो. गॅलरीत बांधून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. व्यायाम दिवसाला एक ते दीड तास, दोन वेळांत. शिवाय नाकाला काम हवं: निम्मं जेवण वाटीत न देता घरभर लपवून शोधायला लावलं तर पावसाच्या दिवशी फिरणं बुडालं तरी भागतं. सोसायटीच्या बाबतीत, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं आहे की कुत्रा पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला सोसायटी बंदी घालू शकत नाही. आपल्या बाजूने पालिकेची नोंदणी, रेबीज लसीचा चालू दाखला, हातात पट्टा आणि खिशात पिशवी एवढं असावं.

गोल्डन साधारण दहा ते बारा वर्षं जगतो आणि या जातीत कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे, हे आणण्याआधीच घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं, मुलांनाही. अमेरिकेतल्या मॉरिस ॲनिमल फाउंडेशनने २०१२ मध्ये तीन हजारांवर गोल्डनना आयुष्यभर तपासत राहण्याचा अभ्यास सुरू केला तो याचसाठी. सातव्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करावी. महिन्यातून एकदा दोन्ही हातांनी सगळं अंग चाचपावं: जबड्याखाली, खांद्यांच्या पुढे, गुडघ्यांच्या मागे. या जागांच्या लसीका ग्रंथी दोन्ही बाजूंना एकदम फुगल्या तर ते लिम्फोमाचं, म्हणजे या ग्रंथींच्या कॅन्सरचं, लक्षण असू शकतं. कातडीखाली नवी गाठ लागली तर तिचं माप आणि तारीख लिहून ठेवावी आणि सुईने पेशी काढून तपासून घ्यावी. “चरबीची दिसते” एवढ्यावर थांबू नये. पोटातल्या प्लीहेवरची गाठ मात्र हाताला लागत नाही, ती फुटून आत रक्तस्राव होईपर्यंत कुत्रा नेहमीसारखाच वागत असतो. मग एकाएकी बसतो, उठत नाही, पोट ताणलेलं दिसतं. ही रात्र उजाडायची वाट बघण्याची वेळ नव्हे.

असा आतला रक्तस्राव वेळेत ओळखता यावा म्हणून एक सवय पिल्लू असल्यापासून लावून घ्यावी. आठवड्यातून एकदा त्याचा ओठ वर करावा, हिरडीवर अंगठा दाबून सोडावा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काही गोल्डनच्या हिरड्यांवर काळे डाग असतात, तिथे न दाबता गुलाबी जागा शोधावी. आपल्या कुत्र्याच्या हिरडीचा रोजचा रंग डोळ्यांना पाठ असेल तर फिकट पडलेली हिरडी रात्री दोन वाजताही, मोबाइलच्या उजेडातही लगेच ओळखता येते.